लाओवा 15 मिमी वाइड मॅक्रो: केंद्रातून फाकणाऱ्या रेषांसाठीची लेन्स

लाओवाची 15 मिमी एफ/4 वाइड मॅक्रो लेन्स मी जवळजवळ एकाच कामासाठी वापरते. एका बिंदूपासून चहूकडे रेषा फाकत गेलेल्या दिसल्या की पिशवीतून हीच लेन्स निघते. घाटरस्त्यावरची सोनकी, पोफळीच्या आगरात मान वर करून पाहिलेलं आभाळ, नेच्याचा जमिनीलगतचा झुबका, अशा ठिकाणी. रेषांच्या अशा फाकण्याला जाणकार अरीय रचना म्हणतात. निसर्गात ती इतकी जागोजागी आहे की पावसाळ्यात साताऱ्याबाहेर पडलं की पायाशीच सापडते. लग्नाच्या हॉलमध्ये किंवा इमारतींच्या फोटोंसाठी ही लेन्स कशी आहे, हे सांगणारी परीक्षणं भरपूर आहेत. मी फक्त या एका कामात ती काय देते आणि कुठे अडते तेवढं लिहिते.

आधी वस्तूची ओळख. लाओवा या नावाने लेन्स काढणाऱ्या चीनमधल्या व्हीनस ऑप्टिक्सने ती 2015 मध्ये आणली. फुल फ्रेमवर, म्हणजे 35 मिमी फिल्मएवढ्या सेन्सरवर, 110 अंशांचा कोन, आणि तरीही 1:1 मॅक्रो. म्हणजे फूल सेन्सरवर आहे त्याच आकाराचं उमटू शकतं आणि त्याच चौकटीत मागे डोंगर, ढग, आभाळ सगळं येतं. वजन 410 ग्रॅम, फिल्टर 77 मिमीचा. फोकस हाताने, अ‍ॅपर्चर (उजेड आत घेणारं भोक; एफचा आकडा मोठा तितकं ते लहान) हाताने. कॅमेऱ्याशी जोडणारे इलेक्ट्रॉनिक संपर्क नाहीत, त्यामुळे फोटो कुठल्या अ‍ॅपर्चरवर काढला याची नोंद फाइलमध्ये होत नाही. माझा कॅमेरा कॅननचा 80डी, म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान एपीएस-सी सेन्सर. त्यावर कोन 84 अंशांच्या आसपास उरतो. तोटा वाटेल, पण या लेन्समधली जी सोय मला सगळ्यात मोलाची वाटते ती एपीएस-सीवरच पुरती वापरता येते. तिच्याकडे पुढे येते.

मी शाळेत चित्रकला शिकवते. इंटरमिजिएटच्या मुलांना वर्तुळात संकल्पचित्र करायला दिलं की बरीच मुलं कडेपासून सुरुवात करतात. नक्षी आत आत आणतात आणि मध्ये जे उरेल त्यात एक टिंब ठेवून मोकळी होतात. चित्र भरलेलं दिसतं, पण नजर आत जाते आणि तिथे तिला काहीच मिळत नाही. फुलांच्या आणि झाडांच्या फोटोंत हेच सारखं होतं. रेषा सुंदर फाकलेल्या असतात, सगळं सममित असतं, आणि रेषा जिथून निघाल्या तिथे पांढरं आभाळ किंवा धूसर ठिपका. माझ्या मते अशा फोटोत केंद्राचे तीनच प्रश्न असतात. केंद्रात काय आहे, ते चौकटीत कुठे आहे, आणि त्याच्याशी भांडणारं दुसरं केंद्र तर नाही ना. ही लेन्स मी या तीन प्रश्नांवरच तपासली.

भाद्रपदात यवतेश्वरच्या घाटात रस्त्याच्या कडेने सोनकी फुलते. तिचं एक फूल जवळून पाहा. आपण फूल म्हणतो तो खरं तर अख्खा फुलोरा आहे. बाहेरची एकेक पिवळी पाकळी म्हणजे एकेक स्वतंत्र फूल, आणि मधली गोल चकती म्हणजे दाटीवाटीने बसलेली कितीतरी बारीक फुलं. ही बारीक फुलं एकदम उमलत नाहीत. चकतीच्या कडेची आधी उमलतात, मग त्यांच्या आतली, मग त्यांच्याही आतली. म्हणून अर्ध्या उमललेल्या सोनकीत कडेला परागांनी माखलेलं एक कडं दिसतं आणि मधोमध अजून मिटलेल्या हिरवट पिवळ्या कळ्या. केंद्रात काय आहे, या प्रश्नाचं उत्तर सोनकी स्वतःच देते. फक्त तिथपर्यंत पोचणारी लेन्स हवी.

100 मिमीची मॅक्रो लेन्सही पोचते, आणि अधिक सहज पोचते. पण तिच्यात फुलामागचं सगळं विरघळून एक सपाट हिरवा पडदा होतो. फूल कुठलं, कोणत्या उतारावरचं, वर ढग होते की ऊन, काही कळत नाही. लाओवात फूल चौकटभर येतं आणि मागे घाटाची वळणं, कण्हेर तलावाचं पाणी, खाली उतरलेलं धुकं हे सगळं थोडं मऊ होऊन का होईना पण ओळखू येतं. पाकळ्यांच्या रेषा फुलापुरत्या राहत नाहीत. त्यांच्या दिशेनेच नजर पुढे डोंगराच्या सोंडेवर जाते. हा परिणाम मला दुसऱ्या कुठल्याच लेन्समध्ये मिळालेला नाही.

कोन कुठला धरायचा हे मात्र शिकावं लागतं. लेन्स फुलाच्या अगदी समोर, सरळ धरली तर पाकळ्या सारख्या लांबीच्या दिसतात, वर्तुळ शुद्ध राहतं, पण मागे फक्त गवत येतं. फार तिरकी धरली तर जवळच्या पाकळ्या ताणून लांबलचक होतात, पलीकडच्या आखडतात आणि वर्तुळाचं अंडं होतं. वाइड लेन्स जवळ नेली की असं होणारच. मी साधारण तीस-चाळीस अंशांचा तिरकसपणा ठेवते. एवढ्यात जवळच्या पाकळ्या थोड्या पुढे झेपावल्यासारख्या दिसतात, चकती डोळ्यांना गोलच वाटते आणि क्षितिजही चौकटीत बसतं. फोकस चकतीच्या ऐन मध्यावर न ठेवता त्या परागांच्या कड्यावर, आपल्या बाजूच्या कमानीवर ठेवते. एफ/11 ला कडं, आतल्या कळ्या आणि बहुतेक पाकळ्या धारदार येतात. एफ/16 वारा पडला असेल तरच. त्यापुढे अ‍ॅपर्चर मिटवलं की विवर्तनामुळे, म्हणजे बारीक भोकातून जाताना उजेड पसरतो त्यामुळे, सगळ्याच फोटोची धार बोथट होते, त्यामुळे मी तिकडे जात नाही. घाटात वारा सहसा थांबत नाही, म्हणून शटर 1/250 किंवा त्याहून वेगवान ठेवायचं आणि आयएसओ 800 पर्यंत बिनधास्त न्यायचा.

आता या लेन्सची सगळ्यात मोठी अडचण. 1:1 वर जायचं तर पुढची काच फुलापासून जेमतेम पाच मिलिमीटरवर येते. 77 मिमी फिल्टरचं रुंद तोंड फुलावर एवढं टेकलं की उजेड येणार कुठून? लेन्सची स्वतःचीच सावली फुलावर पडते. किडा बसलेला असेल तर तो उडतो. वेबसाइटवर 1:1 वाचून कोणी ही लेन्स घेत असेल तर त्याने हे आधी समजून घ्यावं. मी 1:1 च्या वाटेला जातच नाही. काच आणि फूल यांत चार-पाच सेंटिमीटर अंतर ठेवते. तेवढ्यात फूल पुरेसं मोठं दिसतं आणि रचनेला श्वास मिळतो. ऊन फुलाच्या मागून किंवा बाजूने घ्यायचं. मागून आलेल्या उन्हात पाकळ्या पारदर्शक होतात, त्यांच्यातल्या उभ्या शिरा उजळतात, आणि त्या शिराही केंद्राकडेच धावत असतात. समोरच्या बाजूला शाळेतल्या पांढऱ्या कार्डशीटचा हातभर तुकडा धरला की चकतीतला काळोख जातो. हूड काढून ठेवायचं, नाहीतर तेच सावली पाडतं.

ही अडचण मोठी असली तरी अरीय रचनेत ती मला इतकी खुपत नाही, कारण ही रचना फुलाच्या एका कणापेक्षा त्याच्या पूर्ण पसाऱ्यावर उभी असते. पाकळ्यांची टोकं चौकटीत हवीत, किंवा मुद्दाम चौकटीबाहेर जाऊ द्यायला हवीत. टोकं कडेला अर्धवट, जेमतेम चिकटलेली दिसली की फोटो गेला.

एफ/4 ला कोपरे अंधारतात आणि मऊही पडतात. अंधाराचं मला वावडं नाही. उजेड मध्ये राहतो आणि नजर केंद्राकडे ओढली जाते. फोटो संपादित करताना मी तो अंधार बहुतेक वेळा तसाच ठेवते. मऊपणा मात्र नको असतो, कारण या रचनेत रेषा कोपऱ्यापर्यंत पोचतात आणि टोकाशीच धूसर झाल्या तर अर्धवट वाटतात. एफ/11 ला हा प्रश्न बराच सुटतो, आणि तसंही मी तिथेच काम करते.

सूर्य चौकटीत घेण्याबद्दल. हिच्या अ‍ॅपर्चरला 14 पाती आहेत, त्यामुळे मिटलेल्या अ‍ॅपर्चरवर सूर्याचा 14 किरणांचा तारा उमटतो. दिसायला फार सुरेख. पण तो तारा म्हणजे दुसरं केंद्र, आणि तेही फुलापेक्षा कितीतरी तेजस्वी. फूल एका कोपऱ्यात आणि तारा दुसऱ्या, असे फोटो लोक कौतुकाने टाकतात. माझी नजर त्यात कुठेच ठरत नाही. तारा हवाच असेल तर सूर्य फुलाच्या कडेला, दोन पाकळ्यांच्या फटीत आणा. म्हणजे किरणं पाकळ्यांच्याच दिशेने निघतात आणि केंद्र एकच राहतं. कॅमेरा बोटभर सरकला तरी हे बिघडतं, म्हणून ट्रायपॉडशिवाय जमत नाही.

आता ती मोलाची सोय: शिफ्ट. कॅमेऱ्याला जोडायच्या टोकाजवळची कळ दाबून ही लेन्स वर किंवा खाली 6 मिलिमीटरपर्यंत सरकवता येते. कंपनीने ती इमारतींच्या उभ्या रेषा सरळ राखण्यासाठी दिली असावी. मी ती झाडांसाठी वापरते.

गुहागरसारख्या गावातलं पोफळीचं आगर डोळ्यांसमोर आणा. सरळसोट, बारीक, वर्षानुवर्षांची वळी अंगावर घेतलेली खोडं, आणि प्रत्येकाच्या शेंड्यावर झावळ्यांचा स्वतःचा एक गोल झुबका. कॅमेरा पाटाच्या कडेला जमिनीवर ठेवून तोंड थेट आभाळाकडे केलं की सगळी खोडं एका बिंदूकडे झेपावतात. हा बिंदू म्हणजे आपल्या डोक्यावरचा खस्वस्तिक, आणि तो चौकटीच्या बरोबर मध्यावर येतो. फोटो छान दिसतो. दुसराही तसाच छान दिसतो, तिसराही. मग कंटाळा येतो, कारण केंद्र हलत नाही आणि बहुतेक वेळा त्या मध्यावर नुसतं आभाळ असतं. शिफ्ट दिली की कॅमेरा न वाकवता हे केंद्र चौकटीत सरकतं. माझ्या सेन्सरची उंची 15 मिलिमीटर. अडीच मिलिमीटर सरकवलं की केंद्र तृतीयांश रेषेवर, म्हणजे काठापासून एक तृतीयांश अंतरावर, बसतं, सहा सरकवलं की चौकटीच्या कडेशी जातं आणि सगळी खोडं एका काठावरून कारंज्यासारखी उसळताना दिसतात. कॅमेरा वाकवूनही केंद्र हलवता येतं, हे खरं. पण तसं केलं की एका बाजूची खोडं लांबट, दुसऱ्या बाजूची आखूड होतात आणि वरचे गोल झुबके ताणले जातात. शिफ्टमध्ये सेन्सर आडवाच राहतो आणि त्या पातळीतल्या गोलाचा गोलपणा टिकतो.

फुल फ्रेमवाल्यांना शिफ्ट देता येते, पण कोपरे पार काळे होतात. एपीएस-सीवर ही लेन्स अधिक उपयोगी आहे असं मी म्हणते ते यासाठी.

केंद्रात काय ठेवायचं, हा प्रश्न इथेही सुटलेला नसतोच. मी आगरात एक शेंडा निवडते, जरा जवळचा, ज्याच्या झावळ्या उन्हात आहेत. मग जमिनीवर पाऊल-पाऊल सरकत तो शेंडा रेषांच्या मिलनबिंदूवर आणते. आता खोडं त्या शेंड्याकडे धावतात आणि त्याच्या झावळ्या उलट बाहेर फाकतात. आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या रेषा एकाच ठिकाणी भेटतात. या एका फोटोसाठी सकाळ गेली तरी मला चालते. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात दिवेआगर-श्रीवर्धनकडची आगरं आडवी झाली. तिथे पुन्हा लावलेल्या पोफळीला एवढी उंची गाठायला वर्षं लागतील, म्हणून जी उभी आहेत त्यांचे फोटो आत्ताच काढून ठेवावेत असं मला मनापासून वाटतं. आगर कोणाच्या तरी घरचं असतं. काका-काकूंना विचारून आत जा, शिंपण्याच्या वेळी जाऊ नका.

महाबळेश्वरच्या जंगलात मात्र हा प्रयोग मला फारसा साधत नाही. तिथली जांभळं, अंजनी, पिसा ठेंगणी आणि वाकडीतिकडी. रेषा फाकत नाहीत, गुंततात. तिथे वेगळ्या नजरेने पाहायला हवं, आणि लेन्सही वेगळी लागते.

फिशआय, म्हणजे रेषा वाकवणारी अतिरुंद लेन्स, तिच्याबद्दल दोन शब्द, कारण झाडं वर बघून टिपायची म्हटलं की लोक तिचंच नाव घेतात. फिशआयमध्ये चौकटीच्या मध्यातून जाणाऱ्या रेषा सरळ राहतात, बाकीच्या वाकतात. केंद्र मध्यावरच ठेवायचं असेल आणि सगळी खोडं त्याच्याकडे येत असतील, तर फिशआय उत्तमच, खोडं जराही वाकत नाहीत. केंद्र बाजूला न्यायचं म्हटलं की लगेच खोडांची धनुष्यं होतात. आणि झूम फिरवत काढलेले स्फोटासारखे फोटो? ही प्राइम, म्हणजे झूम नसलेली लेन्स, तिच्यात ते होत नाही. मला त्याची उणीव वाटत नाही. त्या रेषा मनगटाने काढलेल्या असतात, झाडाच्या नसतात.

शिफ्टचा आणखी एक उपयोग रात्री होतो. साताऱ्यातून ध्रुवतारा क्षितिजापासून 18 अंशांच्या आसपास वर दिसतो, म्हणजे बराच खाली. ताऱ्यांच्या वर्तुळाकार रेषा टिपताना तो मध्ये आणायचा तर कॅमेरा वर वाकवावा लागतो आणि समोरची झाडं तिरपी होतात. लाओवात कॅमेरा अगदी सपाट ठेवून पूर्ण 6 मिलिमीटर शिफ्ट वर दिली की क्षितिज खालच्या काठाजवळ जातं, झाडं सरळ राहतात आणि ध्रुवतारा जवळजवळ मधोमध येतो. तारे तासाला 15 अंश सरकतात, त्यामुळे दोन तासांत चांगल्या लांब कमानी मिळतात. एफ/4 हे त्यासाठी पुरेसं आहे.

दोन ठिकाणी ही लेन्स घरी ठेवा. पहिलं, कोळ्याचं जाळं. चाकासारखं गोल जाळं विणणाऱ्या कोळ्याइतकं शुद्ध अरीय काम दुसरं कोणी करत नसेल. मध्यापासून निघालेले आरे चिकट नसतात, त्यावरून फिरवलेला सर्पिल धागा चिकट असतो, आणि सिग्नेचर स्पायडर नावाची कोळीण मधोमध पाय जोडून फुलीसारखी बसते. पण वाइड लेन्समध्ये धागे मागच्या पसाऱ्यात हरवतात, आणि जवळ गेलं की जाळं तुटायची भीती. तिचं दिवसाचं घर मोडून फोटो काढण्यात अर्थ नाही. 100 मिमी लावा, लांब उभ्या राहा. दुसरं, छोटी अळंबी. छत्रीखालच्या पाळ्या केंद्रातून सुंदर फाकतात, पण एवढ्या रुंद तोंडाची लेन्स तिच्याखाली शिरतच नाही. वारुळाजवळ उगवणारी मोठी अळंबी उंच धाटाची असेल तरच प्रयत्न करावा.

वापरायला ही लेन्स सवयीची व्हायला वेळ घेते. एफ/11 ला व्ह्यूफाइंडर अंधारा होतो, म्हणून मी लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या स्क्रीनवर, दहा पट मोठं करून फोकस जुळवते. फिरणारा स्क्रीन असलेला कॅमेरा असेल तर जमिनीलगतच्या कामात मान वाचते. मिररलेस कॅमेऱ्यावर लावली तर मेनूत जाऊन लेन्स नसतानाही शटर चालण्याची परवानगी द्यावी लागते, नाहीतर कॅमेरा फोटोच काढत नाही. ज्यांना कॅमेरा उचलला की क्लिक करायचं आहे, त्यांनी यात पैसे घालू नयेत.

आणि साताऱ्याजवळच्या कासच्या फुलांच्या पठाराबद्दल, कारण ही लेन्स घेणारा प्रत्येक जण पहिल्या पावसाळ्यात तिकडेच निघतो. या लेन्सने काम करायचं म्हणजे फुलापाशी आडवं पडायचं. पठारावरची गेंदाची, सीतेच्या आसवांची रोपं बोटभर उंचीची, आणि खडकावर मातीचा थर अगदी पातळ. एका माणसाच्या आडवं होण्यात किती चिरडली जातात ते उठल्यावर मागे पाहिलं की दिसतं. 2012 पासून ते जागतिक वारसास्थळ आहे, पण तसं नसतं तरी मी हेच म्हटलं असतं. तिथे आखलेल्या पायवाटेवरूनच लांबच्या लेन्सने फोटो काढा. लाओवासाठी घाटातल्या रस्त्याच्या कडेची सोनकी, बांधावरचा तेरडा, घरामागचं नेचं पुष्कळ आहे. केंद्र त्यांच्यातही आहेच.

मी माझी लेन्स जुनी घेतली. तुम्हीही तशी घेणार असाल तर दोन गोष्टी दुकानातच तपासा. शिफ्ट शून्यावर आणल्यावर लेन्स घट्ट बसते का, की हलकीशी डुगडुगते. डुगडुगत असेल तर चौकटीची एक बाजू कायम मऊ येईल. आणि अ‍ॅपर्चर पूर्ण मिटवून उजेडाकडे धरून आतून पाहा. चौदाही पाती सारखी मिटलेली दिसली पाहिजेत, आणि त्यांवर तेलाचा ओघळ नको.